पिता : मालक नव्हे, राखणदार

कॅथलिक पितृत्व आणि कुटुंबातील श्रद्धाजीवन यांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण

बाळाच्या स्नानसंस्काराच्या विधीत एक क्षण असा येतो की, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पुनरुत्थित ख्रिस्ताचे प्रतीक असलेल्या पास्काच्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवली जाते आणि ती पेटवण्यासाठी सामान्यतः बाळाचा पिता किंवा धर्मपिता पुढे येतो. ही ज्योत तेवत ठेवण्याची जबाबदारी आता तुमच्याकडे सोपवली आहे, असे धर्मगुरू आईवडिलांना व धर्मपालकांना सांगतात. विधीच्या शेवटी मातेसाठी आशीर्वाद मागून झाल्यावर पित्यासाठीही स्वतंत्र आशीर्वाद मागितला जातो आणि पती-पत्नी ही दोघेही आपल्या बाळाची श्रद्धेच्या वाटेवरील पहिली शिक्षक आहेत, याची जाहीर आठवण करून दिली जाते.

पित्याच्या हातातील ती ज्योत त्याची स्वतःची नसते. ती त्याने ख्रिस्ताकडून घेतलेली असते आणि बाळाचा हात ती धरण्याइतका मोठा होईपर्यंत त्याने ती सांभाळायची असते. कॅथलिक पितृत्वाविषयीची ख्रिस्तसभेची सारी शिकवण या एका कृतीत सामावलेली आहे. पिता हा मुलांचा मालक नव्हे. परमेश्वराने सोपवलेल्या ठेवीचा तो राखणदार आहे. राखणदाराकडून दोन अपेक्षा असतात. एक म्हणजे त्याने जागेवर हजर असावे आणि दुसरी म्हणजे धन्याची वस्तू त्याने आपली मानू नये. आजच्या पित्यांसमोरील बहुतेक प्रश्न या दोन अपेक्षांशीच येऊन भिडतात.

पितृत्वाचा उगम

संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात (३:१४-१५) म्हटले आहे की, स्वर्गातील व पृथ्वीवरील प्रत्येक कुळाला स्वर्गीय पित्यापासून नाव मिळाले आहे. याचा अर्थ असा की, आपण आपल्या घरातील वडिलांकडे पाहून परमेश्वराला पिता हे नाव दिलेले नाही. परमेश्वर मुळात पिता आहे, म्हणून घरातील पुरुषाला पिता होता येते. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही (क्र. २२१४) हेच सांगतो. त्याच ग्रंथाच्या २३९व्या परिच्छेदात एक सावधगिरीची सूचना आहे. पृथ्वीवरील आईवडील चुकू शकतात आणि त्यांच्या वागण्यामुळे पितृत्वाचा व मातृत्वाचा चेहरा विद्रूप होऊ शकतो, असे तेथे स्पष्ट नमूद केले आहे.

ही गोष्ट केवळ तात्त्विक नाही. लहान मूल ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना शिकते, तेव्हा ‘बाप’ या शब्दाचा अर्थ त्याने शब्दकोशातून घेतलेला नसतो. तो अर्थ त्याला घरात मिळालेला असतो. घरातील बापाच्या पावलांची चाहूल लागताच जे मूल धावत दाराशी जाते आणि जे मूल ती चाहूल लागताच आईच्या पदराआड लपते, त्या दोन मुलांच्या ओठांवरील प्रार्थना एकच असली, तरी तिचा त्यांच्या अंतःकरणात उमटणारा ध्वनी एकच नसतो. स्वर्गीय पित्याची पहिली ओळख करून देण्याचा मान आणि ती ओळख बिघडवण्याचा धोका, हे दोन्ही पार्थिव पित्याच्या वाट्याला आलेले आहेत.

पवित्र शास्त्रातील पिता

जुन्या करारात पित्याकडे धर्मशिक्षणाचे काम अगदी ठळकपणे सोपवलेले दिसते. अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात (६:४-९) मोशे इस्राएली लोकांना सांगतो की, परमेश्वराच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोला. येथे पाठशाळेचा उल्लेख नाही. बसणे, चालणे, निजणे आणि उठणे या घरातल्या रोजच्या चार क्रियांमध्येच धर्मशिक्षण गुंफलेले आहे. निर्गम ग्रंथात (१२:२६-२७) वल्हांडणाच्या सणासंबंधी सांगितले आहे की, या विधीचा अर्थ काय, असे तुमची मुले विचारतील, तेव्हा त्यांना उत्तर द्या. मुलांनी प्रश्न विचारावा, यासाठी आधी त्यांच्या डोळ्यांसमोर घरात काहीतरी घडावे लागते. ज्या घरात कोणताच विधी होत नाही, त्या घरातील मूल कशाविषयी विचारणार?

नव्या करारातील पिते आपल्याला अधिक जवळचे वाटतात, कारण त्यांपैकी कित्येक जण हतबल अवस्थेत येशूकडे आलेले आहेत. सभास्थानाचा अधिकारी याईर आपल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी सर्वांदेखत येशूच्या पाया पडतो (मार्क ५:२२-२३, ४२). आजारी मुलाला घेऊन आलेला दुसरा एक पिता आपला विश्वास अपुरा असल्याचे उघड कबूल करतो आणि तो वाढवण्यासाठी येशूचेच साहाय्य मागतो (मार्क ९:२४). फिलिप्पै येथील तुरुंगाचा अधिकारी एका रात्रीत आपल्या सर्व घरच्यांसह बाप्तिस्मा घेतो (प्रेषितांची कृत्ये १६:३३). यांपैकी कोणीही पंडित नव्हता. आपल्या लेकरासाठी व घरच्यांसाठी गुडघे टेकण्याची लाज त्यांना वाटली नाही, एवढेच त्यांचे मोठेपण.

संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (१५:११-३२) पित्याचे आणखी एक रूप दिसते. हा पिता घर सोडून निघालेल्या मुलाला अडवत नाही. मात्र त्याची वाट पाहणेही सोडत नाही. मुलगा दूर असतानाच तो धावत जाऊन त्याला मिठी मारतो. रुसलेल्या थोरल्या मुलाची समजूत घालण्यासाठीही तो स्वतःच घराबाहेर येतो. दोन्ही मुलांसाठी उंबरठा ओलांडणारा हा पिता म्हणजे येशूने स्वर्गीय पित्याचे काढलेले चित्र आहे.

संत योसेफ : शब्दाविना साक्ष

कॅथलिक पित्याचा आदर्श म्हणून ख्रिस्तसभा संत योसेफाकडे बोट दाखवते. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. जे नोंदले आहे, ती त्याची कृती. तो बाळाला येशू हे नाव देतो (मत्तय १:२५). चाळिसाव्या दिवशीच्या विधीसाठी तो मरियेसह मंदिरात येतो आणि गरिबांना परवानगी असलेले पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण करतो (लूक २:२२-२४). हेरोदापासून बाळाचा जीव वाचवण्यासाठी तो रातोरात मिसर देशाची वाट धरतो (मत्तय २:१४). दरवर्षी वल्हांडणाला तो कुटुंबासह यरुशलेमला जातो (लूक २:४१). लोक येशूला सुताराचा पुत्र म्हणून ओळखतात (मत्तय १३:५५). उपासना, संरक्षण आणि श्रम या तीन धाग्यांनी त्याचे पितृत्व विणलेले आहे.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडतो, तेव्हा आपण आपल्या पित्याच्या घरी असणे आवश्यक आहे, असे उत्तर तो देतो (लूक २:४९). योसेफाच्या अंतःकरणाला हे उत्तर किती लागले असेल! ज्याच्यासाठी परदेशी आश्रय घेतला, ज्याला तीन दिवस शोधले, तो मुलगा आपल्याहून वेगळ्या पित्याचे नाव घेतो. तरीही योसेफ रागावत नाही आणि हक्क सांगत नाही. तो येशूला घेऊन नाझरेथला परततो आणि आपले काम पुढे चालू ठेवतो. आपल्या हाती आलेला पुत्र आपला नाही, हे ज्याला कळले आणि तरीही ज्याच्या प्रेमात उणेपणा आला नाही, तो योसेफ खऱ्या अर्थाने राखणदार ठरला.

पोप पायस नववे यांनी ८ डिसेंबर १८७० रोजी संत योसेफाला विश्वव्यापी ख्रिस्तसभेचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून ठरवून दिला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९८९ रोजी संत योसेफावर जे बोधपत्र प्रसिद्ध केले, त्याचे ‘रेदेम्तोरिस कुस्तोस’ हे नावच ‘उद्धारकाचा राखणदार’ अशा अर्थाचे आहे. १८७०च्या घोषणेला दीडशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी ‘पात्रिस कोर्दे’ (पित्याच्या अंतःकरणाने) हे पत्र लिहिले आणि ८ डिसेंबर २०२० ते ८ डिसेंबर २०२१ हे संत योसेफाचे वर्ष म्हणून पाळले गेले. १ मे २०२१ रोजी संत योसेफाच्या विनंतीमाळेत सात नव्या विनंत्यांची भर घालण्यात आली. ‘उद्धारकाचा राखणदार’ ही त्यांपैकीच एक होय.

‘पात्रिस कोर्दे’ या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी मांडलेला एक विचार प्रत्येक पित्याने मनाशी जपावा असा आहे. अपत्य जन्माला आल्याने पुरुष पिता होत नाही. त्या अपत्याची जबाबदारी तो स्वीकारतो, तेव्हा तो पिता होतो. त्याच पत्रात त्यांनी योसेफाच्या निर्मळपणाचा अर्थही उलगडून दाखवला आहे. निर्मळ प्रेम म्हणजे कब्जा न करणारे प्रेम. आपले काम पूर्ण झाले की पित्याने मुलाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे, ही त्या प्रेमाची कसोटी होय.

ख्रिस्तसभेने पित्याविषयी काय सांगितले आहे?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी संमत केलेल्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात (क्र. ११) ख्रिस्ती कुटुंबाला जणू घरातील ख्रिस्तसभा म्हटले आहे. आईवडिलांनी शब्दाने व उदाहरणाने आपल्या मुलांसाठी श्रद्धेचे पहिले घोषक व्हावे, असे तेथे सांगितले आहे. १९६५च्या ‘गाउदियुम एत स्पेस’मध्ये (क्र. ५२) मुलांच्या जडणघडणीस पित्याची सक्रिय उपस्थिती अतिशय उपकारक असल्याचे म्हटले आहे. १९८३च्या धर्मसंहितेनुसार (कलम ११३६) मुलांच्या शारीरिक, सामाजिक, सांस्कृतिक, नैतिक व धार्मिक शिक्षणाची काळजी घेणे हे आईवडिलांचे अत्यंत गंभीर कर्तव्य व मूलभूत हक्क आहे. या कलमात माता व पिता असा भेद केलेला नाही. म्हणजेच धर्मशिक्षण हे आईचे काम आणि पैसा मिळवणे हे वडिलांचे काम, ही आपल्याकडे रूढ झालेली वाटणी ख्रिस्तसभेने केलेली नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे २२ नोव्हेंबर १९८१ चे ‘फॅमिलिआरिस कॉन्सोर्तियो’ हे बोधपत्र कुटुंबविषयक शिकवणीचा मोठा आधार आहे. त्याच्या पंचविसाव्या परिच्छेदात पती व पिता या नात्याने पुरुषाचा स्वतंत्र विचार केला आहे. पित्याची अनुपस्थिती जशी कुटुंबाचा मानसिक व नैतिक तोल बिघडवते, तशीच पुरुषी वर्चस्व गाजवणारी त्याची जाचक उपस्थितीही घराला मारक ठरते, असे तेथे म्हटले आहे. त्यानंतर पित्याची चार कर्तव्ये सांगितली आहेत. ती आपल्या जीवनाशी ताडून पाहू.

पित्याची चार कर्तव्ये

पहिले कर्तव्य म्हणजे मातेच्या उदरातील जिवाची उदार मनाने जबाबदारी घेणे. पितृत्व बाळंतपणानंतर सुरू होत नाही. गर्भवती पत्नीची तपासणी, तिचा आहार, तिची विश्रांती आणि तिच्या मनाची शांती यांची काळजी वाहणारा पती हा त्याच वेळी आपल्या बाळाची पहिली राखण करत असतो. मुलगा की मुलगी, हा प्रश्न त्याच्या ओठांवरही येऊ नये. कारण जी ठेव परमेश्वराने सोपवली, तिची निवड करण्याचा अधिकार राखणदाराला नाही.

दुसरे कर्तव्य म्हणजे मुलांच्या शिक्षणाचा भार पत्नीसह वाहणे. आपल्या धर्मग्रामांत काय दिसते? प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या तयारीसाठी पालकांची सभा बोलावली, तर बाके बहुतांशी मातांनी भरलेली असतात. कित्येक वडील मुलाला मोटारसायकलवरून मंदिराच्या फाटकाशी सोडतात आणि तेथूनच वळतात. रविवारच्या मिस्साबलिदानाच्या वेळी काही पुरुष मंदिराबाहेर झाडाच्या सावलीत उभे राहतात आणि प्रवचन संपल्यावर आत येतात. आठ-नऊ वर्षांचा मुलगा हे सारे पाहत असतो. धर्म ही बायकांची व लहान मुलांची गोष्ट आहे आणि मोठे होणे म्हणजे त्यातून सुटणे, असा निष्कर्ष तो मुकाट्याने काढतो. दृढीकरणानंतर आपली मुले मंदिरापासून दूर का जातात, असा प्रश्न आपण नंतर विचारतो. त्याचे उत्तर पुष्कळदा त्या झाडाखाली सापडते.

तिसरे कर्तव्य कामाविषयी आहे. पित्याचे काम कुटुंबात फूट पाडणारे नसावे. त्याने कुटुंबाचे ऐक्य व स्थैर्य वाढवावे. वसई-विरार पट्ट्यातून पहाटेची लोकल धरून चर्चगेटकडे जाणारा आणि रात्री मुले झोपल्यावर परतणारा पिता, मासेमारीसाठी दिवसचे दिवस समुद्रावर असणारा पिता, आखाती देशात किंवा जहाजावर नोकरी करणारा पिता, उसतोडणीसाठी गाव सोडून जाणारा पिता, या सर्वांचे कष्ट पवित्र आहेत. कुटुंबापासून लांब राहण्याचा त्यांचा त्याग संत योसेफाच्या मिसरवासाशी नाते सांगणारा आहे. त्यांच्यावर आणखी ओझे घालण्याचा येथे हेतू नाही. तथापि, जो वेळ आपल्या हाती आहे त्याचे काय होते, हे प्रत्येकाने तपासून पाहावे. रविवारही नाक्यावर, मैदानावर किंवा मोबाईलच्या पडद्यावर खर्ची पडत असेल, तर दोष नोकरीचा नव्हे.

चौथे कर्तव्य म्हणजे प्रौढ ख्रिस्ती जीवनाची साक्ष देणे. मुलांना येशू ख्रिस्ताच्या जिवंत अनुभवाकडे नेणारी ही साक्ष शब्दांपेक्षा वर्तनातून दिली जाते. व्यवहारात खोटे न बोलणे, मजुराची मजुरी वेळेवर देणे, शेजाऱ्याच्या बांधावर डोळा न ठेवणे, भावाशी मिटलेला तंटा पुन्हा न उकरणे, या गोष्टी मुले धर्मशिक्षणाच्या पुस्तकापेक्षा लवकर वाचतात. जमिनीच्या वाटणीवरून न्यायालयात उभे राहिलेले दोन भाऊ रात्री आपापल्या घरी क्षमेची प्रार्थना म्हणतात, तेव्हा मुलांना ती विसंगती कळत नाही, असे कोणी समजू नये.

दोन पिते : लुई मार्टिन आणि कारोल वोयतिवा

ही शिकवण प्रपंचात कशी जगता येते, याची दोन उदाहरणे अलीकडच्या इतिहासात आहेत.

लुई मार्टिन यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. ते आलाँसों गावात घड्याळे दुरुस्त करणारे व विकणारे कारागीर होते. १३ जुलै १८५८ रोजी त्यांचा झेली गेराँ यांच्याशी विवाह झाला. झेली लेस विणण्याचा व्यवसाय करीत. त्यांना नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी चार बालपणीच दगावली. रविवारी गिऱ्हाइकांची गर्दी होत असे, तरी लुई त्या दिवशी दुकान उघडत नसत. पुढे १८७० साली पत्नीच्या व्यवसायाला हातभार लावण्यासाठी त्यांनी आपले घड्याळांचे दुकान पुतण्याकडे सोपवले. १८७७ साली झेली कर्करोगाने मरण पावल्या, तेव्हा धाकटी तेरेझा साडेचार वर्षांची होती. मुलींना आजोळच्या नातलगांचा आधार मिळावा म्हणून लुई यांनी स्वतःचे गाव सोडले आणि ते लिझ्यू येथे राहावयास गेले.

बालपणी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहूनच संतजन कशी प्रार्थना करतात ते आपल्याला कळत असे, अशा अर्थाची आठवण संत तेरेझाने आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. मे १८८७ मध्ये पेंटेकॉस्टच्या दिवशी चौदा वर्षांच्या तेरेझाने कार्मेल मठात जाण्याची परवानगी वडिलांकडे मागितली. त्याच महिन्याच्या आरंभी लुई यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. दोन मुली आधीच मठात गेल्या होत्या. आजारी पित्याने लाडक्या धाकटीला अडवले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी अश्रू ढाळले आणि होकार दिला. पुढे त्यांच्या पाचही मुली धर्मभगिनी झाल्या. लुई यांची अखेरची वर्षे मेंदूच्या विकाराने ग्रासली. १८८९ पासून तीन वर्षे त्यांना काँ येथील मनोरुग्णालयात राहावे लागले. २९ जुलै १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी लुई व झेली या दांपत्याला एकत्र संतपद बहाल केले.

दुसरे उदाहरण पोलंडमधील कारोल वोयतिवा या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचे. १९२९ साली त्यांची पत्नी एमिलिया वारली. १९३२ साली डॉक्टर असलेला थोरला मुलगा एडमंड रुग्णाकडून लागण झालेल्या तापाने गेला. वाडोविचे येथील घरात पिता आणि बारा वर्षांचा धाकटा मुलगा, असे दोघेच उरले. रात्री कधी जाग आली, तर वडील गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसत, असे त्या मुलाने पुढे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘देणगी आणि रहस्य’ या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिले. धर्मगुरू होण्याविषयी आपण वडिलांशी कधी बोललो नव्हतो, तरी वडिलांचे उदाहरण हीच आपली पहिली सेमिनरी होती, असेही त्यांनी नमूद केले आहे. १८ फेब्रुवारी १९४१ रोजी, नाझी अंमलाखालील क्राकोव शहरात, त्या पित्याने जगाचा निरोप घेतला. मुलगा धर्मगुरू झालेला त्यांनी पाहिला नाही. तो मुलगा १६ ऑक्टोबर १९७८ रोजी पोप जॉन पॉल दुसरा झाला. मे २०२० मध्ये त्याच्या आईवडिलांच्या धन्यवादितपदाची प्रक्रिया वाडोविचे येथे औपचारिकपणे सुरू झाली.

या दोन्ही पित्यांनी मुलांना प्रवचने दिल्याचे कोणी सांगत नाही. मुलांनी त्यांना प्रार्थना करताना पाहिले, एवढेच ती मुले सांगतात. येथे आपल्या पित्यांनी थोडे थांबून स्वतःला विचारावे : माझ्या मुलाने मला गुडघे टेकलेले कधी पाहिले आहे काय?

राखणदार जेव्हा मालक होतो

राखणदार आपली जागा सोडून जातो, तेव्हा घराचे नुकसान होते; तो स्वतःला मालक समजू लागतो, तेव्हा ते अधिक होते. संत पौलाने इफिसकरांस पत्रात (६:४) आणि कलस्सैकरांस पत्रात (३:२१) पित्यांना बजावले आहे की, मुलांना चिडवू नका, ती खचून जातील. धाकाने आज्ञाधारकपणा मिळतो. श्रद्धा मिळत नाही. दहावी-बारावीच्या गुणांवरून मुलाला चारचौघांत कमी लेखणे, त्याची आवड न विचारता त्याचा अभ्यासक्रम ठरवणे, मुलीच्या विवाहाचा निर्णय तिच्यावर लादणे, हे सारे मालकीचे प्रकार आहेत. प्रौढ झालेल्या मुलांना आपला व्यवसाय व जीवनमार्ग निवडण्याचा हक्क आहे, आईवडिलांनी सल्ला द्यावा, परंतु दडपण आणू नये, असे धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २२३०) सांगतो. धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होऊ इच्छिणाऱ्या अपत्याला अडवणे जसे योग्य नाही, तसे त्या मार्गावर त्याला ढकलणेही योग्य नाही.

मद्यपान आणि मारहाण यांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. पती हा पत्नीचा मस्तक आहे, या पौलाच्या वचनाचा आधार घेऊन पत्नीवर हात उगारणारा पुरुष ते वचन अर्धेच वाचतो. त्याच अध्यायात, त्या वचनाच्या आधी, परस्परांच्या अधीन राहण्यास सांगितले आहे (इफिस ५:२१) आणि त्यानंतर ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी स्वतःचा प्राण दिला तशी प्रीती पत्नीवर करण्याची आज्ञा पतीला दिली आहे (५:२५). पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या बोधपत्रात (क्र. ५४) स्त्रियांवरील घरगुती हिंसेला पुरुषी सामर्थ्य नव्हे, तर भ्याडपणा ठरवले आहे. आपल्या देशात २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने अशा स्त्रीला संरक्षणाचा हक्कही दिलेला आहे. आईला मार खाताना पाहिलेल्या मुलाला स्वर्गीय पित्याची माया समजावून सांगणे फार कठीण जाते. व्यसनाने ग्रासलेल्या पित्याने उपचार घेण्यात कमीपणा मानू नये. मदत मागणे हाही कुटुंबाच्या राखणीचाच भाग आहे.

चूक झाली, तर काय करावे? धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२२३व्या परिच्छेदात म्हटले आहे की, आपले दोष मुलांसमोर मान्य करण्याची तयारी असलेले आईवडील मुलांना अधिक चांगले मार्गदर्शन करू शकतात. मुलाची क्षमा मागणाऱ्या पित्याचा मान कमी होत नाही. प्रायश्चित्त संस्कारासाठी रांगेत उभा असलेला पिता मुलाला न बोलता सांगत असतो की, चुकणाऱ्यासाठीही घराचे दार उघडे आहे.

घरात काय करता येईल?

पोप पॉल सहावे यांनी ११ ऑगस्ट १९७६ रोजी एका सार्वजनिक भेटीत पित्यांना प्रश्न विचारला होता की, निदान अधूनमधून तरी तुम्ही मुलांसह व घरच्यांसह प्रार्थना करता का? ‘निदान अधूनमधून’ या शब्दांत त्यांचा व्यवहारीपणा दिसतो. त्याच भावनेने काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

सायंकाळची पवित्र जपमाळ ही आपल्या घरांची जुनी ठेव आहे. संपूर्ण जपमाळ रोज शक्य नसेल, तर एक दशक म्हणावे. परंतु त्याची सुरुवात पित्याने करावी. आईने दूरदर्शन संच बंद करण्याची विनवणी करण्यापेक्षा वडिलांनी स्वतः उठून तो बंद करणे अधिक परिणामकारक ठरते.

सायंप्रार्थनेनंतर लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद घेण्याची प्रथा जेथे मागे पडली असेल, तेथे ती पुन्हा सुरू करावी. मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण करून त्याला आशीर्वाद देण्याची मुभा ख्रिस्तसभेने आईवडिलांना दिलेली आहे. परीक्षेला, प्रवासाला किंवा नोकरीसाठी निघालेल्या मुलाला हा आशीर्वाद अवश्य द्यावा.

रविवारच्या मिस्साबलिदानाला सर्व कुटुंबाने एकत्र जावे व एकाच बाकावर बसावे. घरी परतल्यावर जेवताना त्या दिवशीच्या शुभवर्तमानाविषयी मुलांना एखादा प्रश्न विचारावा. उत्तर माहीत नसले, तरी हरकत नाही; मुलासह ते शोधणारा पिताही शिक्षकच असतो.

परगावी किंवा परदेशी असलेल्या पित्याने दूरध्वनीवर केवळ गुण व खर्च यांची चौकशी करू नये. आठवड्यातून एकदा तरी मुलांसह ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणावी. अंतर असले, तरी तो आवाज घरात राहतो.

ज्या घरात पिता नाही

काही घरांत पिता निवर्तलेला आहे, काही घरांत तो कुटुंब सोडून गेला आहे. अशा घरातील मातांनी हे वाचून खिन्न होऊ नये. स्तोत्रकर्त्याने परमेश्वराला पोरक्यांचा पिता म्हटले आहे (स्तोत्रसंहिता ६८:५). संत योसेफ हा येशूचा रक्ताचा पिता नव्हता. सांभाळ करून तो पिता झाला. म्हणून आजोबा, मामा, काका, धर्मपिता, शिक्षक आणि धर्मग्रामातील प्रत्येक प्रौढ पुरुष यांच्यावर अशा मुलांची काही जबाबदारी येते. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता होणे म्हणजे केवळ भेटवस्तू देणे आणि छायाचित्रात उभे राहणे नव्हे. आपल्या शेजारच्या पोरक्या मुलाला रविवारी आपल्या कुटुंबासोबत मंदिरात नेणे, हे त्या नात्याचे खरे पालन होय.

प्रिय पित्यांनो, आपण मुलांसाठी घर बांधतो, जमीन राखतो, बँकेत ठेव ठेवतो. हे सारे आवश्यक आहे. परंतु जमिनीचे तुकडे होतात, घरे जुनी होतात आणि पैसा खर्च होतो. आपल्या माघारी मुलांच्या मनात आपले कोणते चित्र राहील, हे आज आपल्या हाती आहे. मुले मोठी होण्यास फार वर्षे लागत नाहीत. राखणीचा काळ थोडा आहे; तो संपण्यापूर्वी आपण जागेवर हजर असावे आणि तो संपला की ठेव प्रसन्न मनाने तिच्या खऱ्या धन्याच्या हाती सोपवावी. उद्धारकाचा राखणदार संत योसेफ आपल्या कुटुंबांतील सर्व पित्यांसाठी ही कृपा मागो.